वाऱ्याकडे पाठ

शिकारीकाका चालले की आवाज व्हायचा नाही. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टसमोर उभा असताना एकदा कानाशी कुणी तरी म्हणालं, "पोरा, तुझ्या डाव्या बुटाची टाच वाजते," आणि मी हातातली दुधाची पिशवी खाली टाकली. मागे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे. पांढरा हाफ शर्ट, इस्त्रीची पँट, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हातातल्या पट्ट्याला लोकरीच्या गुंड्यासारखं एक पांढरं कुत्रं. मी शिंकलो तरी शेजारची आँटी दार लावून घेते अशा मजल्यावर मी दोन वर्षं राहत होतो. मराठी बोलणारं माणूस त्याच मजल्यावर राहायला आलंय आणि ते माझ्या बुटाविषयी बोलतंय, हे पचायला मला थोडा वेळ लागला.

काका चंद्रपूरकडच्या एका गावचे. शाळेत मास्तर होते. तरुणपणी, परमिट मिळायचं त्या काळात, आसपासच्या रानात त्यांनी हरणांची शिकार केलेली. पत्नी गेल्यावर मुलाने, नितीनने, त्यांना सिंगापूरला आणलं. नितीन आयटीत, सूनबाईही नोकरीला, नऊ वर्षांची नात रिया शाळेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सात घरात दोघंच, काका आणि कुत्रं. कुत्रं रियाच्या वाढदिवसाला आणलं होतं. ते घरात सगळ्यांचं होतं, म्हणजे त्याची शी काढायला काका होते.

रियाने त्याचं नाव ठेवलं होतं मफिन. काकांना ते मान्य नव्हतं. "खायच्या वस्तूचं नाव जिवंत जनावराला देऊ नये," असं त्यांचं मत. कुत्र्याला महिन्यातून एकदा केस कापायला न्यायचे, वेगळा शाम्पू होता, दात घासायला ब्रश होता. ते सगळं पाहून काका त्याला 'साहेब' म्हणू लागले. "चला साहेब, संडासला जाऊन येऊ." रिया पाय आपटत इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "आजोबा, कॅनॉट ला! हिज नेम इज मफिन!" काका माझ्याकडे पाहून म्हणायचे, "पाहा, नात इंग्रजीत रागावते आणि कुत्र्याला मराठी समजते. मी कोणाशी बोलू, तूच सांग."

त्यांच्या खिशात टाल्कम पावडरची एक छोटी डबी असायची. घराबाहेर पडलं की चिमूटभर पावडर बोटांतून सोडायची, ती कुठे उडते ते पाहायचं आणि मग कुठल्या बाजूने जायचं ते ठरवायचं. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला पोळ्या मिळतात का पाहायला निघाले तरी हेच. वारा तोंडावर घेऊन चालायचं, म्हणजे आपला वास पुढच्या जनावराला लागत नाही. "काका, पुढे फक्त सुपरमार्केट आहे," मी म्हणायचो. "हाव, पण सवय आहे ना बाप्पा. वारा आधी, वाट नंतर." वारा विरुद्ध असेल तर ते अख्ख्या ब्लॉकला वळसा घालून जायचे आणि साहेब त्यांच्यामागून तुरुतुरु चालायचे.

मी मूळचा पुण्याचा, घरात अंडंसुद्धा बाहेरच्या पातेल्यात उकडणाऱ्यांपैकी. शिकारीच्या गोष्टी ऐकताना सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण काका मर्दुमकी सांगत नसत. मचाणावर मुंग्या कशा चावतात, चितळ पाणी पिताना तीनदा मान का वर करतं, भेकर ओरडलं तर काय समजायचं, असं सांगत. बंदुकीचा बार होईपर्यंत गोष्ट यायची आणि ते साहेबांच्या कानामागे खाजवायला लागायचे. पुढचं सांगत नसत. एक नियम मात्र त्यांनी मला दोन-तीनदा ऐकवला होता. "जखमी जनावर रानात सोडून जेवायला बसायचं नाही. माग काढायचा. सापडेस्तोवर अन्न नाही. हा शिकाऱ्याचा धर्म. तेवढाही पाळत नसाल तर तुम्ही खाटीक बरे."

एकदा घरच्यांनी त्यांना हौसेने प्राणिसंग्रहालयात नेलं. तिथे हरणं अगदी हाताला लागतात. रियाने गाजर पुढे केलं, एक हरीण आलं, तिच्या हातून खाल्लं आणि काकांचा हात हुंगू लागलं. काकांनी हात मागे घेतला आणि पाठ फिरवून बाकावर जाऊन बसले. नितीनला वाटलं, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "त्याला माझा वास लागला तरी ते पळालं नाही."

त्यांच्याइतका एकटा माणूस मी पाहिला नाही आणि मी काही कमी एकटा नव्हतो. मी विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक होतो. दिवसभर पेशी मोजायच्या, संध्याकाळी कालव्याच्या कडेने चालत घरी यायचं, भात शिजवायचा. काकांना ओळखीचे म्हणावेत असे कालव्यातल्या घोरपडी, भाजी बाजारातला एक तमिळ माणूस आणि मी. पण दुपारी चार वाजले की साहेब पट्टा तोंडात धरून दाराच्या जाळीपाशी येऊन बसायचे. कुणी तरी आपली वाट पाहतंय, एवढ्यावर काका तो दिवस काढायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी सहज, बूट बांधता बांधता.

म्हणून तो शनिवार मला विसरता येत नाही.

ऑगस्टमधल्या राष्ट्रदिनाच्या परेडचा सराव चालू होता. दुपारी ब्लॉकच्या अगदी डोक्यावरून लढाऊ विमानं गेली. काका साहेबांना घेऊन खाली होते. कुत्र्याने हिसका दिला, मान पट्ट्यातून सुटली आणि तो रस्त्यापलीकडे, जुन्या रेल्वेच्या बंद पडलेल्या वाटेकडे पळाला. नितीनने फेसबुकवर फोटो टाकला, सूनबाईंनी ब्लॉकखाली कागद चिकटवले, रिया रडून रडून झोपली. कुणीही काकांना बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. ते दाराशी रिकामा पट्टा घेऊन उभे होते. मला म्हणाले, "पट्टा माझ्याच हातात होता."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. रविवारी उजाडताच मी खाली उतरलो तर ते आधीच तयार, पँट मोज्यांत खोचलेली, हातात काठी. "चल," म्हणाले.

रेल्वेची वाट आता झाडीत बुडाली आहे. रूळ काढून नेलेत, दोन्ही बाजूंना डोक्याइतकं उंच नेचं, वेली आणि केळींचं रान. मी शिरल्या शिरल्या "मफिन! मफिन!" असं ओरडलो. काकांनी माझं मनगट धरलं. "ओरडू नको. घाबरलेलं जनावर आवाजापासून लांब जाते." मग आम्ही सकाळभर तोंड मिटून चाललो. काका वाकून माती पाहायचे. रानडुकराचे खूर दाखवायचे, सायकलचा चरा, घोरपडीच्या शेपटीची रेघ. दर वीस पावलांवर पावडर सोडायचे, वारा तोंडावर घ्यायचे आणि लांबचा वळसा घालून पुढे सरकायचे. त्यांच्या पायाखाली काटकी मोडत नव्हती. माझ्या पायाखाली सगळं मोडत होतं. मी दोनदा बिस्किटं पुढे केली, त्यांनी मान हलवली.

दुपारी तीनच्या सुमाराला गटाराच्या काठाशी चिखलात इवल्याशा पंजाचा ठसा सापडला. पुढे काटेरी वेलीला पांढऱ्या केसांची बट. काकांचे डोळे एकदम तिशीतल्या माणसाचे झाले. "इथंच आहे. जवळच." त्यांनी पावडर सोडली, ती पुढच्या नेच्याच्या दाट गचपणाकडे उडाली. "वारा तिकडे जाते. त्याला आपला वास लागेल. पलीकडून घ्यावं लागेल." ते वळले, चार पावलं गेले आणि जागच्या जागी थांबले.

हातातल्या डबीकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"पोरा," ते म्हणाले, "मी काय करून राहिलो?"

मी त्यांच्याजवळ गेलो.

"सकाळपासून मी त्याच्या वाऱ्यावर गेलोच नाही. आवाज केला नाही. वास लागू दिला नाही. तो इथं बसून माझी वाट पाहते, आणि मी..." त्यांनी डबी खिशात टाकली. "मी त्याची शिकार करून राहिलो."

मग ते आले त्या वाटेने पन्नास पावलं मागे गेले आणि वाऱ्याकडे पाठ करून, नेच्याकडे तोंड करून मातीत बसले. घामाने भिजलेला शर्ट काढला आणि फांदीला अडकवला. उघड्या अंगाने, पांढऱ्या केसांची छाती वर-खाली होत, ते नुसते बसून राहिले. मी मागे उभा. डास चावत होते. अर्धा तास गेला असेल. नेचं हललं. आधी काळं नाक आलं, मग चिखलाने माखलेलं ते ध्यान पोटावर सरपटत, कुंईकुंई करत आलं आणि काकांच्या मांडीत घुसलं.

"मफिन," काका म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "मफिन, मफिन, माझा राजा." आणि ते मोठ्याने रडले.

घरी सगळ्यांचं हसणं-रडणं आटोपल्यावर मी त्यांच्यासाठी खालच्या कॉफीशॉपमधून प्राटा, म्हणजे इथला पराठा, बांधून आणला. आम्ही ब्लॉकखालच्या दगडी बाकावर बसलो. काका एकेक घास सावकाश खात होते, पायाशी साहेब. तेव्हा त्यांनी शिकारीची गोष्ट पहिल्यांदा बंदुकीच्या बाराच्या पुढे सांगितली.

"नर समजून बार टाकला. मादी होती. पोटात गोळी घेऊन गेली. रक्ताचा माग होता, पण पाऊस आला, धुऊन गेला. सोबतचे म्हणाले, चला मास्तर, उद्या पाहू. मी घरी आलो. हिने ताट वाढलं होतं, आणि मी जेवलो." त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "उद्या गेलो, सापडली नाही. नंतर बंदूक धरली नाही मी. कायदा मागाहून आला. पण जेवलो ते जेवलोच."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुण्याच्या माणसाला हे सहजी जमत नाही.

"आयुष्यभर, आपला वास कोणाला लागू नये असं चाललो," ते म्हणाले. "आता कोणाला तरी लागावा वाटते."

पुढच्या वर्षी नितीनची नोकरी बदलली. नव्या नोकरीच्या पगारावर वडिलांचा इथे राहायचा पास पुढे वाढवता येईना. काका गावी परत जाणार असं ठरलं. तिथे घर बंद होतं, एक पुतण्या अधूनमधून लक्ष ठेवायचा. नितीन त्या काळात फार खचला होता, त्याला दोष देऊन उपयोग नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले आणि त्यांनी अंगातला शर्ट काढून माझ्या हातात दिला. खाली बनियन होता. "धुऊ नको," म्हणाले. "रविवारी साहेबांना रानात नेशील ना, तेव्हा बरोबर ने. त्याला वाटेल, म्हातारा इथंच आहे कुठं तरी." मी तो शर्ट लॅबमधल्या झिपच्या पिशवीत बंद करून ठेवला. मला येणारी विद्या एवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन टॅक्सी पाहायला आधी खाली उतरला होता. मी काकांची बॅग घ्यायला त्यांच्या दाराशी गेलो. आत साहेब सोफ्याखाली झोपले होते. काका जाळीबाहेर आले, खिशातून डबी काढली, चिमूटभर पावडर सोडली. ती लिफ्टच्या बाजूकडून घराच्या दाराकडे उडाली. काकांनी मान हलवली, लिफ्टकडे पाठ केली आणि पलीकडच्या टोकाच्या जिन्याने आठ मजले उतरून गेले. कॅनव्हासच्या बुटांचा आवाज झाला नाही. साहेबांनी झोपेत कानही हलवला नाही. चार वाजता ते पट्टा तोंडात धरून जाळीपाशी येऊन बसले, त्या दिवशी घरी राहिलेल्या रियाने सांगितलं. सात वाजता नितीन आला तरी बसले होते.

मग दर रविवारी मी साहेबांना रेल्वेच्या वाटेवर न्यायचो. पिशवी बरोबर असायची, पण ती उघडायचं माझ्याने होत नव्हतं. उघडली की वास थोडा संपणार, असा हिशेब मी करत राहायचो. फोनवर काका विचारायचे, "साहेब कसे आहेत?" मी म्हणायचो, "मजेत." माझं कसं चाललंय हेही विचारायचे. मजल्यावर आता दोघांशी तरी बोलतोस का, असं एकदा विचारलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी शेजारच्या आँटीला दिवाळीत चकली नेऊन दिली. तेव्हापासून मी शिंकलो की ती आतून काही तरी म्हणते.

काका गेले ते उन्हाळ्यात, दुपारी, ओसरीवर बसल्या बसल्या. नितीन विमानाने गेला. जाताना साहेबांना माझ्याकडे ठेवून गेला.

त्या रविवारी मी पिशवी उघडली. शर्ट नाकाशी धरला. प्लास्टिकशिवाय मला कसलाही वास आला नाही. फार उशीर केला असं वाटून मला स्वतःचा संताप आला. तरी नेच्याजवळच्या त्याच फांदीला तो अडकवला, कुत्र्याला पुढे सोडलं आणि वाऱ्याकडे पाठ करून बसलो.

साहेब गवत हुंगत होते. एकदम थांबले. नाक वर केलं. मग जे धावत आले ते शर्टापाशी थांबलेच नाहीत. माझ्या अंगावरून उडी मारून मागे गेले आणि वारा जिकडून येत होता त्या रिकाम्या वाटेकडे, शेपटी हलवत, पाहत उभे राहिले.

बराच वेळ मी तसंच राहू दिलं. ऊन उतरलं तेव्हा मफिन म्हणून दोनदा हाक मारली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग मी म्हणालो, "चला साहेब, घरी जाऊ." तेव्हा आले.