बाहेर जावयाची वाट

"बाहेर जावयाची वाट कोठें?"

फोनवर कुठलीही नवी चौकट दिसली की अक्का आधी हेच विचारत. फोन डाव्या हातात, उजवा हात मुद्दाम वर धरलेला, बसमधल्या दांड्याला धरावा तसा. उभ्या उभ्या, नुसत्या डाव्या अंगठ्याने त्या ती चौकट बंद करून पाहत. अंगठा बंद करायच्या फुलीपर्यंत पोचला नाही, तर काही न बोलता फोन टेबलावर पालथा ठेवत. फोन पालथा झाला की आमच्या गटाने समजायचं, काम पुन्हा पहिल्यापासून करायचं आहे.

काम काय होतं ते सांगते. तुम्ही फोनवर साडी बघत असता. काठ जवळून दिसावा म्हणून बोटाने चित्र मोठं करता, आणि तेवढ्यात एक चौकट उडी मारून साडीवर बसते. सवलत घ्या, नंबर द्या, आत्ताच द्या. तिला पॉप-अप म्हणतात. चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत, नट-बोल्टच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं साड्यांचं ऑनलाइन दुकान होतं. ही चौकट माणसाला त्रास न देता कशी यावी, ते अक्का ठरवत. तिच्यात मराठीत काय लिहायचं, ते मी. नवऱ्याची बदली इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली म्हणून मी साताऱ्याहून आले होते, आणि महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांसाठी दुकानाला मराठी लिहिणारं कुणी हवं होतं.

अक्का पन्नाशीच्या. चष्मा, घट्ट वेणी, खांद्यावर कायम अडकवलेली पर्स. खुर्चीत बसल्या तरी ती खांद्यावरून उतरत नसे. त्यांचा संशय कशावरही असे. मशीनच्या कॉफीवर होता, लिफ्टवर होता, 'फुकट' या शब्दावर तर फारच होता. बोलण्याआधी हसणाऱ्या माणसावर सगळ्यात जास्त. आमचे मार्केटिंगवाले सगळे आधी हसत आणि मग बोलत, त्यामुळे अक्कांचा दिवस कठीण जाई.

सुरुवातीला त्या माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलत. मी त्यांना तमिळच समजत होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी बहिणीला फोनवर सांगत होते, "इथे एक बाई आहेत, माझ्या भाकरीकडेसुद्धा पोलिसासारख्या बघतात."

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "भाकरीकडे नव्हे. ती लाल वस्तु आहे, तिजकडे."

माझ्या हातून घास पडला. तमिळ हेल, पण शब्द सगळे मराठी, आणि तेही कुठल्या तरी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखे.

"लसणाची चटणी आहे," मी कशीबशी म्हणाले. "अक्का, तुम्ही मराठी?"

"तंजावरचे. आमच्या घरांत पिढ्यान् पिढ्या हेंच बोलतों."

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"तुम्ही कशा आहांत तें कळलें नव्हतें, मा," त्या म्हणाल्या; तमिळमध्ये बायकांना आपुलकीने 'मा' म्हणतात. आता कळलं की नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून आमचं मराठी सुरू झालं. त्यांना माझं मराठी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाटे, मला त्यांचं ताम्रपटासारखं. एक अडचण होती. त्यांना मराठी बोलता येई, पण शाळा सगळी तमिळ आणि इंग्रजीत झालेली, त्यामुळे वाचायला फार वेळ लागे. म्हणून मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्या माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. एकदा वाचलं की म्हणत, "आतां न हसतां वाचा." खरोखर, न हसता वाचलेलं वाक्य वेगळं ऐकू येतं. तुम्हीही करून बघा.

चौकट बंद करायच्या बटणावर मी 'नको, धन्यवाद' लिहिलं होतं. अक्कांनी मला थांबवलं.

"धन्यवाद कशास?"

"सभ्य वाटतं."

"मी वाट चालतांना कोणी आडवा आला. मी त्यास बाजूस हो म्हणतें. वर त्याचे आभारही मानूं?"

नुसतं 'नको' राहिलं.

त्यांच्या हाताखाली ती चौकट हळूहळू माणसात आली. साडी झाकायची नाही. माणसाने दोन-चार साड्या शांतपणे बघेपर्यंत यायचंच नाही. यायचं ते खालून, बोटभर पट्टी होऊन. फुली अंगठ्याखाली येईल एवढी मोठी. एकदा 'नको' म्हटलं की त्या माणसाला पुन्हा तोंड दाखवायचं नाही. आणि फोन नंबर मागायचा नाही. मार्केटिंगवाले कुरकुरत, पण पट्टी लागल्यावर लोक दुकानात जास्त वेळ रमू लागले, म्हणून मालक गप्प होते.

एवढा संशय कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आधी त्या एका बँकेत, फसवल्या गेलेल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेत. "सगळे एकच सांगत," त्या म्हणाल्या. "मी तें बंद करावयास गेलों, आणि तें उघडलें. म्हातारीं माणसें रडत. मज वाटे, त्या फुलीची जागा ज्यानें ठरविली, तो कोठें बसत असेल?" मग त्या चटकन उठून पाणी प्यायला गेल्या.

दिवाळीच्या विक्रीच्या आधी ते घडलं. एका सकाळी गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा पाऊस सुरू झाला. फोन उघडून पाहिलं तर आमची पट्टी गायब, आणि तिच्या जागी पडदाभर लालभडक चौकट. फुली कोपऱ्यात, मोहरीएवढी. ती दाबायला जावं तर बोट नंबरच्या रकान्यात पडे. बंद केली तरी पुढच्या साडीवर पुन्हा हजर.

बैठक बसली. दुकानात कुणी काय बदललं याची नोंद संगणक आपोआप ठेवतो. तंत्रविभागाच्या प्रमुखाने ती भिंतीवर दाखवली. नाव अक्कांचं होतं, वेळ शुक्रवार संध्याकाळची. त्यांच्याच पासवर्डने ही चौकट आत आली होती.

मार्केटिंगवाले एकमेकांकडे बघून हसले. मालक फोनमध्ये बघत राहिले. अक्कांनी पर्स पोटाशी धरली आणि सावकाश एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी येऊन थांबली.

मला कारण कळलं. मराठी अक्षरं टाकायला मी कधीकधी त्यांच्याच संगणकावर बसे. त्यांचा पासवर्ड गटात मला एकटीला ठाऊक होता.

बैठकीनंतर त्या माझ्या टेबलाशी आल्या. "शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही माझ्या जागेवर बसला होतात का?" त्यांनी विचारलं. इंग्रजीत.

मी मराठीत "नाही, अक्का" म्हणाले. मान हलवून त्या निघून गेल्या.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. त्या माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलत, तेही कामापुरतं. परक्या शहरात एक माणूस आपल्या भाषेत बोलणारं मिळावं आणि त्याने ती भाषाच मिटून घ्यावी, याचा त्रास मी घरी नवऱ्यालाही नीट समजावू शकले नाही. तो म्हणाला, "तुला तिचा संशय नाही येत?" आणि खरं सांगायचं तर, आला. आपल्यावरचा आळ ढकलायला त्या मला पुढे करताहेत का? जेवताना मी त्यांच्याकडे चोरून बघे. त्यांचा डबा समोर असे, पण झाकण बंदच. त्याही माझ्याकडे बघत असत. चौकट तिकडे चालूच होती. काढा म्हटलं की मालक म्हणत, "आधी कुणी केलं ते कळू दे."

एका दुपारी अक्का आल्या, फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "यांत काय लिहिलें आहे, मज वाचून दाखवा." मराठीत.

मी वाचलं, "'आपण ही अविश्वसनीय संधी खरोखर गमावू इच्छिता?' आणि खाली बटणावर, 'होय, मी सुंदर दिसू इच्छित नाही.'"

"न हसतां वाचा."

"हसत नाहीये मी, अक्का."

त्यांनी तीनदा वाचून घेतलं. डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही 'इच्छिता' म्हणतां?"

"लग्नपत्रिकेतही म्हणणार नाही."

"होय ना. हें तुमचें नव्हे. आमच्या कोणाचेंच नव्हे. हें बाहेरून करवून आणिलें." त्या उठल्या. "चला."

मालकांची खोली काचेची. अक्का दार न ठोठावता आत गेल्या, मी मागे. तिथे बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते शब्दन् शब्द आठवतं.

"या चौकटीचं मराठी कुणी लिहिलं?" अक्कांनी विचारलं.

"मला काय माहीत?" मालक म्हणाले, आणि बोलण्याआधी ते हसले.

अक्का खुर्ची ओढून बसल्या. "माझा पासवर्ड या बाईंना ठाऊक आहे आणि मालक म्हणून तुम्हाला. हे मराठी त्यांचं नाही. राहिलात तुम्ही."

मालकांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ट्रायल होती, मॅडम. बाहेरची एक कंपनी आहे. तुमच्या पासवर्डला सगळी दारं उघडतात, म्हणून तो दिला. नंबर चांगले जमत होते. मी सांगणारच होतो."

"आणि इतके दिवस सगळे माझ्याकडे चोरासारखे बघत होते, ते तुम्ही बघत होतात?"

अक्कांनी आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर हे सांगा, एवढंच मागितलं. मालकांनी तीन-चार वाक्यांत, जमिनीकडे बघत सांगितलं. मार्केटिंगवाल्यांनी माना खाली घातल्या. संध्याकाळपर्यंत लाल चौकट गेली आणि आमची पट्टी परत आली. अक्कांनी उभ्याने, डाव्या अंगठ्याने ती बंद करून पाहिली. मग जागेवर बसून राजीनामा लिहिला.

मी फार समजावलं. त्या म्हणाल्या, "येथें आतां खरें कोण बोलतो तें रोज तपासावें लागेल."

"अक्का, तुम्ही रोज तेच तर करता!"

"तें मी हौसेनें करितें, मा. हें नाइलाजानें करावें लागेल." थोडं थांबून पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत त्या म्हणाल्या, "संशय तर मी सगळ्यांवर घेतें. तुजवर घेतला तेव्हां मात्र जेवण गेलें नाही."

आजवर त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

त्या तंजावरला थोरल्या बहिणीकडे राहायला निघाल्या, तेव्हा मी एग्मोर स्टेशनवर पोचवायला गेले. खिडकीशी जागा मिळाली होती. मी गजाला धरून उभी होते. "तंजावरास ये," त्या म्हणाल्या. "आल्यावर आधीं फोन कर. न कळवितां आलीस तर दार उघडणार नाही." मी हसले, त्याही हसल्या. सिग्नल झाला.

तेवढ्यात समोरच्या बाकावरचा एक म्हातारा उठला. त्याने आपली कापडी पिशवी अक्कांच्या शेजारी ठेवली आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, जरा लक्ष ठेवा, पाणी भरून आलो."

"थांबा," अक्का म्हणाल्या. "आत काय आहे?"

"काही नाही अम्मा, नातीला खाऊ."

"उघडून दाखवा."

म्हातारा मुकाट्याने पिशवीची गाठ सोडू लागला. गाडी हलली. मी गजाबरोबर चार पावलं चालले आणि "येते हं, अक्का!" म्हणून ओरडले. पण त्या चष्मा कपाळावर चढवून पिशवीत वाकल्या होत्या. एकेक पुडा वर काढून, हुंगून, त्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारत होत्या, आणि तो घाबराघुबरा होऊन उत्तरं देत होता. डबा फलाटाच्या टोकाशी पोचला तरी त्यांचं डोकं वर आलं नव्हतं.