साहेबांची अकरा हजार पावलं

जनाबाईचा जन्म पायांवरच गेला. अंबरनाथ पूर्वेच्या त्या सोसायटीत सहा घरची धुणीभांडी, तीन इमारतींचे जिने. लिफ्ट कामवाल्यांसाठी नव्हती.

पहिलं घर श्यामकांत साहेबांचं. फॅक्टरीतून रिटायर झालेले, बायको गेलेली, गुडघे गेलेले. मुलगी राजसी पुण्यात बसून फोनमधल्या नकाशावर बापाचा ठिपका बघायची. ठिपका हलला नाही की हिचा फोन, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते?"

एक दिवस साहेब वैतागले. फोन जनाबाईच्या हातात ठेवून म्हणाले, "तू फिरतेसच. ह्यालाही फिरव. वाजला तर उचलू नकोस. चालताना मी उचलत नाही, असं सांगितलंय तिला."

तेव्हापासून फोन तिच्या कमरेच्या पिशवीत. संध्याकाळी राजसी खूश. "अकरा हजार पावलं! बाबा, मानलं तुम्हाला!" जनाबाईला अर्ध्याऐवजी पूर्ण कप चहा मिळू लागला.

मंगळवारी साडेबाराला ती फोन द्यायला आली, तर साहेब बाथरूमच्या दारात आडवे. गार. उजवा हात लेंग्याच्या खिशात घातलेला. खिसा रिकामा.

जनाबाईने फोन त्या खिशात सरकवला आणि मगच ओरडली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या किर्तीवहिनी पिठलंभात घेऊन आल्या. जनाबाई फरशी पुसत होती. राजसीने फोनमधला नकाशा उघडला.

"डॉक्टर म्हणतात, बाबा नऊला गेले. मग साडेबारापर्यंत फोन कोण फिरवत होतं?"

किर्तीवहिनी वाकल्या. "ही बी विंग... अगं, हे तर माझं घर! सव्वाअकरा. तेव्हा जनाबाई आमच्याकडे कणीक मळत असते."

फडकं थांबलं.

"साहेबांनीच दिलेला, ताई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"बाबा मला फसवतील? चोर ती चोर..." राजसीचं बोट नकाशावर सरकलं. "आणि हे काय? कंपाउंडच्या भिंतीमागे, नाल्याकडेला. रोज अकरा वाजता, पाच मिनिटं. कोणाला भेटतेस तिथे?"

"कोणाला नाही, ताई."

"मला नाही, तर पोलिसांना सांगशील?"

जनाबाईने किर्तीवहिनींकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"लघवीला जाते. सहाही घरांत मला जाऊ देत नाहीत."

मग किर्तीवहिनींनी पिठल्याचं पातेलं स्वतःकडे ओढलं.

"शी! आणि तिथून येऊन माझी कणीक मळायचीस?"

पोलीस आले नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉचमनने गेटवरच हात आडवा केला. "मावशी, तुम्हाला आत सोडू नको, असं सहाही घरांतून सांगितलंय."

तीन दिवस जनाबाई एकाच प्रश्नाला घाबरून होती. फोन खिशात असता तर साहेबांनी मदतीला कोणाला तरी फोन केला असता ना? तो प्रश्न तिला कोणीच विचारला नाही.