धाकू रंगाऱ्याची बोगनवेल

घाटकोपरला आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सात बिऱ्हाडं होती. सातव्या खोलीत धाकू परब आणि त्यांची बायको सुगंधाकाकू राहायचे. काकांनी सव्वीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात काढली होती. नखांच्या कडांना कायम निळसर झाक, आणि बोलण्यात एकच विषय. आपण नुसतं हिरवं म्हणून मोकळे होतो. काकांचं हिरवं शेवाळी असायचं, पोपटी असायचं, नाहीतर केळीचं पान अजून उलगडायचं असतं तेव्हाचं असायचं. मी तेव्हा नुकती म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण झाले होते. संध्याकाळी जिना चढून गॅलरीत आले की पार त्या टोकाकडून हाक यायची, "वसू, आज चिंतामणी." मग मी खाली बघायची, तर खरंच मी चिंतामणी रंगाची साडी नेसलेली असायची. सकाळी नेसताना माझं कुठे लक्ष होतं?

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात काकांच्या हातून डाळिंबी रंगात बुडवलेल्या कापडाचा एक अख्खा घाणा बिघडला. त्यांना तो बरोबर दिसत होता, बाकी सगळ्यांना मळका दिसत होता. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन काम सोडून आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांमागची नस सुकत चालली आहे, औषध नाही, फार तर दोन वर्षं. आधी लाल जाईल, मग बाकीचे रंग, मग सगळंच. काकू हे सांगताना पदर तोंडाशी धरून बसली होती. काका मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यावं म्हणून.

त्याच आषाढात काकूचा भाऊ जयवंत एक काडी घेऊन आला. जयवंत मालाडला एका बंगल्यात माळी होता. चार-पाच वेलींची छाटणी करून त्याने काड्यांची मोळी बांधली होती, त्यातली ही एक. "बोगनवेल आहे. कुठल्या रंगाची ते देवाला ठाऊक," तो म्हणाला. "फुलली की कळेल."

झालं. त्या एका वाक्याने काका उठून बसले. इतके दिवस त्यांच्यापुढे फक्त जाणारे रंग होते, आता एक यायचा होता. ते मला म्हणाले, "ह्यो एक रंग बगलंय, की मगे डोळे मिटले तरी चलतीत." मला असली भाषा आवडत नाही. मी म्हटलं, "काका, झाड लावताना मिटण्याबिटण्याचं बोलू नये." पण मनातून मी घाबरले होते. दोन वर्षं म्हणजे किती ते मला माहीत होतं. इयत्ता पहिलीची मुलं तेवढ्यात धड जोडाक्षरं वाचायला लागत नाहीत.

माहुलकडे तेलाचे कारखाने उभे राहत होते, तिकडून आणलेल्या पिंपाचा अर्धा तुकडा काकांनी गॅलरीच्या टोकाला ठेवला. तिथे सकाळचं ऊन यायचं. काथ्याच्या दोऱ्या कठड्यापासून वर वाशापर्यंत ताणल्या. काडीला डोळे फुटले, फांद्या आल्या, आणि फांद्यांबरोबर काटे. पहिल्या खोलीतल्या पद्मजाबाईंनी लगेच नाक मुरडलं. "काटेरी झाड दारात असू नये हो. घरात भांडणं लागतात." मी म्हटलं, "पद्मजाबाई, तुमच्याकडे तर तुळस आहे." त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

काका वेलीचं करताना बघत बसावंसं वाटायचं. जुन्या साड्यांचे काठ फाडून केलेल्या पट्ट्यांनी ते फांदी दोरीला बांधायचे, सैलसर, बाळाचा लंगोट बांधावा तसं. कोवळा काटा मऊ असतो, बोटाखाली वाकतो, आठवड्याभरात टणक होतो, हे मला त्यांनी दाखवलं. शेंडे खुडले की बाजूने दोन फुटतात, हेही दाखवलं. येता-जाता आमचे पदर त्या काट्यांत अडकायचे. अडकला की काका सावकाश सोडवून द्यायचे आणि सोडवता सोडवता पदराचा रंग सांगायचे. एका पावसाळ्यातून दुसऱ्यात वेल वाशाला पोचली, शेजारच्या दोन खोल्यांच्या दारांवरून पसरली. दुपारी तिच्या सावलीने गॅलरीची जमीन हिरवट व्हायची आणि आम्ही सगळे पाण्याखाली राहत असल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी तिथे बैठक बसायची. फूल कुठल्या रंगाचं येईल? काका आधी गुलबक्षी म्हणाले. मग म्हणाले, नाही, अंजिरी. एकदा रात्री स्वप्नात वेल फुलली होती, आबोलीच्या रंगाची, आणि सगळी चाळ त्या उजेडात भिजली होती, काकू चुलीपुढे बसली होती तिचे हातसुद्धा आबोली. सांगताना त्यांचा आवाज हळू होत जायचा. शेवटी मात्र गाडी पुन्हा गुलबक्षीवर यायची. लग्नात काकू गुलबक्षी लुगडं नेसली होती म्हणे. आम्ही सगळे मनातले मांडे खात बसायचो. मीसुद्धा, आणि मी तर स्वतःला मोठी व्यवहारी समजत असे.

पण वेल फुलेना. पहिला उन्हाळा गेला, दुसरा हिवाळा गेला. पानं एवढी तुकतुकीत की हात फिरवावा, काटे हे लांब, कळी एक नाही. आणि इकडे काकांचे रंग जात होते. एका संध्याकाळी मी जिना चढून आले. मी लालभडक साडी नेसले होते. काका म्हणाले, "वसू, आज राखी." मी म्हटलं, "हो काका." आयुष्यात मी पहिल्यांदा इतक्या पटकन खोटं बोलले. खोलीत येऊन मी साडी बदलली आणि रडले.

छप्पन सालच्या माघात जयवंत पुन्हा आला. वेलीला हात लावण्याआधी त्याने पिंपातल्या मातीत बोट खुपसलं. बोट चिखलाने भरून वर आलं. "ही बोगनवेल आहे की भाताचं वावर?" तो म्हणाला. "पाणी कोण घालतं हिला?"

"मीच. तिसऱ्या दिवशी एक तांब्या," काका म्हणाले.

जयवंतने मान हलवली. मग त्याने गॅलरीत एकेक दारावर जाऊन विचारलं, आणि मग कळलं. सकाळी नळाला पाणी आलं की प्रत्येक घरात कालचं शिळं पाणी ओतून कळशी नव्याने भरायची, हा रिवाज. ते शिळं पाणी मोरीत कशाला ओता? काकांच्या वेलीला घालावं, लवकर फुलेल, काकांना बघायला मिळेल. सगळ्यांनी हाच विचार केला होता. एकमेकांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की पुण्य उरत नाही. मी रोज साडेपाचला अर्धी कळशी घालत होते. पद्मजाबाई तर तांदूळ धुतलेलं पाणीही घालत होत्या. बोगनवेल तहानेली राहिली तरच फुलते, पोट भरलं की नुसती पानं काढत बसते, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं? अति तिथे माती म्हणतात. आमच्या अतिमुळे काकांचं दीड वर्ष गेलं, आणि त्यांच्याकडे दोनच होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पाणी तोडा," जयवंत म्हणाला. "पानं गळेपर्यंत थेंब नको."

काट्यांना काका कधी डरले नव्हते, याला डरले. "तहानल्याक पाणी नाय म्हणूचा?" ते हळूच म्हणाले. मग, "नको घालू कोणी."

पुढचे दोन महिने आमच्या मजल्याने जे काढले ते आम्हालाच ठाऊक. सकाळी शिळं पाणी मोरीत ओतताना मी वेलीकडे पाठ करायची. पानं आधी मलूल झाली, मग पिवळी, मग गॅलरीभर खरखर उडायला लागली. पद्मजाबाई एकदा तांब्या घेऊन निम्म्या गॅलरीपर्यंत गेल्या आणि स्वतःच परत फिरल्या. दारात काटेरी झाड नको म्हणणारी बाई, पदराने डोळे पुसत होती. काका दुपारभर पिंपाच्या कडेवर हात ठेवून बसायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. वाळकी पानं त्यांना आता दिसत नव्हती, ऐकू येत होती. चैत्र लागला तेव्हा मी समोर उभी राहिले तरी बोलल्याशिवाय ते मला ओळखत नव्हते.

वैशाखातल्या एका सकाळी काकूने माझं दार वाजवलं. तिने माझं मनगट धरलं आणि मला टोकाला नेलं. वेल फुलली होती. कठड्यापासून वाशापर्यंत, उघड्याबोडक्या काटेरी फांद्यांवर, झुबक्यांनी. आणि ती पांढरी होती.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. एवढ्या रंगांतून नेमका हा? पांढरं काय बघायचं? ह्याच्यासाठी माणूस दोन वर्षं डोळे ताणून बसला होता? तोवर सगळा मजला जमला होता. पद्मजाबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "गुलबक्षी सांगू या. त्यांना कुठे कळणार आहे?" काकूने मान खाली घातली, नको म्हणाली नाही. सांगायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मास्तरणीवर लोकांचा विश्वास बसतो.

काका भिंतीला धरून बाहेर आले. पानं वाजत नव्हती, माणसांचे श्वास ऐकू येत होते, त्यावरून त्यांना समजलं असावं. "इली?" त्यांनी विचारलं.

"आली काका," मी म्हटलं. "गुलबक्षी."

ते नेहमीच्या जागी बसले. समोरून ऊन येत होतं, पाकळ्या कागदाच्या असाव्यात तशा त्यातून उजळल्या होत्या. काकांनी मान वर केली. मग त्यांनी हात पुढे केला, एक झुबका चाचपला, काटा बोटात गेला तरी हात मागे घेतला नाही.

"वसू, तुका खोटा बोलूक येणा नाय," ते म्हणाले. "गुलबक्षी असती तर माका राख दिसली असती. लाल आता राखच दिसता. ह्यां राख नाय." त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "ह्यां पांढरा आसा. सव्वीस वर्सां ह्याका रंगात बुडवत इलंय, बगूक येळ गावलो नाय."

काकूने तोंडावर पदर घेतला. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला.

"वाईच बाजूक व्हा सगळी," ते म्हणाले. "उजेडात उभी रवलात."

आम्ही सगळे बाजूला झालो.