कुलूपबंद घरांची पाळी

शिरूर कासारकडच्या त्या वस्तीवर सकाळ उजाडायची ती फोनच्या बारीक किणकिणीने. आधी देवळाजवळच्या घरात, मग ओढ्यापलीकडे, मग वर माळावर. जणू गळ्यात घंटा बांधलेली एखादी अदृश्य गाय दारोदार थांबत चालली आहे. निरोप एवढाच असे : आज पाणी तुमचं. उन्हाने करपलेल्या मुलखात याहून मधुर नाद दुसरा कोणता असेल?

तो नाद आमच्या विद्यापीठाने घडवलेला. सहकारी पाणी संस्थांच्या विहिरींवर पाळ्या लावून देणारी ती संगणकप्रणाली, आणि ती एसटीने, मांडीवर संगणक घेऊन वस्तीवर नेणारा मी. कित्येक दुष्काळ तिने निभावले. आणि परवा विद्यापीठाने संकेतस्थळावर एक ओळ चढवून तिचा आधार काढून घेतला : ‘प्रणालीचे जीवनचक्र पूर्ण झाले आहे.’ जीवनचक्र! जणू ती बोंडअळीच होती. पुरस्कार घेताना ती साऱ्या विभागाची लाडकी लेक होती. आता तिला माहेर उरलं नाही. मी विभागप्रमुखांकडे जाऊन चिडचिड केली. ते शांतपणे म्हणाले, बाजारात खासगी ॲप आहेत, लोकांना तिकडे वळवा. पाहिलं मी त्यातलं एक ॲप. पाळीच्या निरोपाला महिनाभर उत्तर न देणाऱ्या सभासदाला ते आपोआप वगळतं.

आता या माणसांना काय सांगावं? दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. घराला कुलूप, शेरडं शेजाऱ्याच्या दावणीला. पण कुलूपबंद घराची पाळी मोडायची नाही, ते पाणी शेरडं सांभाळणाऱ्याने भरायचं, हा तिथला जुना रिवाज. कारण माणसं उसाच्या फडावरून परततात ती ऐन उन्हाळ्यात, विहीर तळाला गेल्यावर. तेव्हा एकदा सुटलेली जागा कोण परत देतो? पूर्वी विहिरीच्या काठावर नावं पुकारली जात आणि बंद घराच्या नावाला शेजारी त्याच्या वतीने ‘हाय’ म्हणे. तो रिवाज मी प्रणालीत घातला, आणि पुकारा बंद करवला. हाकेत वशिला असतो, यंत्रात नसतो : हे माझंच वाक्य. किती आवडलं होतं मला ते तेव्हा!

शेवटी ओशाळ्या तोंडाने मी स्वतःच गेलो. फोन मुके झाले होते आणि मागे राहिलेली सारी वस्ती घागरी घेऊन विहिरीवर उभी होती. संस्थेचे चेअरमन अण्णा मला पाहून म्हणाले, “या सर. तुमचं विद्यापीठ बारशाच्या घुगऱ्या खायला येतं, बाराव्याला न्हाई.” मी हसण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तेवढ्यात कुणी तरी सुचवलं की यंदा पाणी लईच कमी, तेव्हा बंद घरं गाळू. बऱ्याच माना डोलल्या. मला त्या माना अनोळखी वाटल्या नाहीत. ॲपही हेच म्हणत होतं, फक्त सभ्य भाषेत. गयाबाई मात्र घागर खाली ठेवून पुढे आली. तिच्या दिराची शेरडं तिच्या दारात होती. आवाज न चढवता ती म्हणाली, “माजा दीर फडावर गेलाय, सरणावर न्हाई.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “हाक तुमी बंद पाडली, सर. आता तुमीच मारा.”

अण्णा एकेक नाव सांगत गेले, मी पुकारत गेलो. गयाबाईच्या दिराचं नाव आलं. ‘हाय,’ ती म्हणाली. पुढच्या बंद घराच्या नावाला काही क्षण विहिरीतून माझाच आवाज परत आला. मग मघा मान डोलावणाऱ्यांपैकीच एक जण, जमिनीकडे बघत, ‘हाय’ म्हणाला.

विद्यापीठावरचा माझा राग शमलेला नाही, शमूही नये. अशाच कितीतरी वस्त्यांवर फोन मुके पडले असतील, आणि तिथे गयाबाई असेलच असं नाही. पण परतताना एसटीत चौसाळ्यापर्यंत एकच गोष्ट मनात घोळत राहिली. ती किणकिण कितीही गोड असली, तरी ज्याची त्याला एकट्यालाच ऐकू येई. दुसऱ्याची पाळी कधी, हे ऐकण्याची सवय आम्हीच तर मोडली! सकाळी खिशातला फोन गप्प असतो. मी मात्र अजून कान देऊन असतो : कुणाच्या तरी नावाला, कुणी तरी ‘हाय’ म्हणेल म्हणून.