पाणी खालून चढतं

हे माझ्या बायकोला माहीत नाही. मुलीला तर नाहीच. ज्या एका माणसाला माहीत आहे, त्याने आजवर तोंडातून शब्द काढलेला नाही, आणि त्याचं ते गप्प राहणं मला आता सहन होत नाही. म्हणून लिहायला बसलो. पण बसलो की हात टोमॅटोकडेच वळतो. टोमॅटोबद्दल मी कितीही बोलू शकतो. बिल्डिंगमध्ये सगळे म्हणतात, बोरगावकरांना बाल्कनीचं विचारू नका, जेवण थंड होईल. तर टोमॅटोपासूनच सुरू करतो. हे टाळणं आहे, कळतंय मला.

मी बहारीनमध्ये सनाबिसला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलीच्या कॉलेजसाठी बायको नागपूरला परत गेली आणि बाल्कनी मोकळी झाली. एकट्या माणसाचे कपडे वाळत घालायला जागा ती किती लागणार? इथे साध्या कुंडीत टोमॅटो टिकत नाही. सकाळी पाणी घालून ऑफिसला जावं, तर संध्याकाळी माती भाकरीसारखी कडक. म्हणून मी बादल्या केल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या, एकात एक बसवलेल्या. खालच्या बादलीत पाणी, वरचीत माती. वरच्या बादलीच्या बुडाला भोकाभोकांची एक वाटी, मातीने भरलेली, खालच्या पाण्यात बुडून राहिलेली. वातीतून तेल चढावं तशी तिच्यातून ओल वर चढते. एका कडेला पाइप उभा, पाणी ओतायचं ते त्यातून. आणि खालच्या बादलीला बाजूने एक भोक. टाकी भरली की तिथून पाणी बाहेर येतं. खलास, थांबायचं.

वरून पाणी घालायचंच नाही. झाड हवं तेवढं आपलं आपण घेतं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवायचो, एखाद्या शोधाचा मालक असल्यासारखा.

आता पुढचं.

मी बौद्ध आहे. हे वाक्य बहारीनमध्ये मी मोठ्याने कधी उच्चारलेलं नाही. बोरगावकर हे आडनाव वडिलांनी गावावरून घेतलं, मला शाळेत मागे बसवू नये म्हणून. त्यांनी आडनाव बदललं, पण कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगायचे. खोटं मी सुरू केलं. तेही एक शब्द न बोलता. आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या सुमनवहिनी डबा घेऊन आल्या. पुण्याच्या. हसऱ्या, बोलक्या. आडनाव ऐकून म्हणाल्या, "बोरगावकर म्हणजे आपल्यातलेच ना?"

आणि मी हसलो. नुसता हसलो.

त्या हसण्यावर मी इथली सगळी वर्षं काढली. त्यांच्या घरच्या आरत्या मला पाठ झाल्या. माझी अकोल्याकडची बोली मी ऑफिसच्या बुटांसारखी घासून पुसून पुण्याची केली. बायको सुरुवातीला म्हणायची, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. तिने सांगितलं नाही. मीही नाही. आणि वहिनी वाईट नव्हत्या हो — हे लिहिताना जास्त अडखळायला होतं. बायको तापाने पडली होती तेव्हा दोन्ही वेळचा मऊ भात त्यांच्याकडून यायचा. अशा माणसाला कसं सांगायचं, की तुम्ही ज्याला आपल्यातला म्हणता, तो —

बघा, अजूनही वाक्य पुरं होत नाही.

प्रशांत आमच्या कंपनीच्या सित्र्याच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन म्हणून आला. रेसिडेंट कार्डाच्या कामाला एकदा आमच्या ऑफिसात आला आणि माझ्या टेबलापाशी उभं राहून फोनवर बायकोशी बोलत होता. "काऊन रडून राह्यली ते? दे तिले फोन." कानात गाव शिरलं. मी न राहवून विचारलं, कुठले? अकोल्याकडचा निघाला, आमच्याच तालुक्यातला. माझं आडनाव वाचलं, गाव विचारलं, क्षणभर बघितलं आणि हळूच म्हणाला, "आपल्यातलेच का, भाऊ?"

तोच शब्द. वहिनींचाच. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मी हो म्हणालो.

त्याने लगेच आपला तो दोन शब्दांचा नमस्कार घातला, खणखणीत, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. मी पुटपुटलो, "नमस्कार." त्याला तेवढ्यात सगळं कळलं. पुन्हा चारचौघांत त्याने तो कधी घातला नाही. टोचून बोलला नाही. फक्त चिडवायचा. "भाऊ, तुम्ही तं पार पेठेतले झाले ना."

तो शुक्रवारी घरी यायला लागला. पहिल्यांदा बाल्कनी बघितली तेव्हा ओरडलाच, "अरे बाप्पा! भेदरं लावले का?" भेदरं! आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. हा शब्द मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी म्हणालो, "भेदरंच." आणि मग इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून माझी बोली घळाघळा बाहेर पडली. दोघं जमिनीवर बसून भेदऱ्याची चटणी आणि इथली खुबूस रोटी खायचो. तो बादल्यांकडे बघून म्हणायचा, "शिस्तीत पाणी पेतात बाप्पा हे झाडं. आमच्या कॅम्पातले पोट्टे असे पेत नाईत." मी सुट्टीवर गेलो की घराची किल्ली त्याच्याकडे असायची. पाइपमधून पाणी भरायचं काम त्याचं. इथल्या नळाचं पाणी खारट, म्हणून तो प्यायच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या खांद्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत आणायचा. लिफ्ट बंद असली तरी.

मग आमच्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा झाला.

प्रशांतला बायको-पोरीला आणायचं होतं. वैशालीची तयारी झाली होती. पोरीच्या शाळेचं बोलणं झालं होतं. राहायला घर मिळालं की व्हिसाचं पुढे सरकणार होतं. सित्र्याच्या कामगार कॅम्पात फॅमिली ठेवता येत नाही. बिल्डिंगचा एजंट नवीन फॅमिली ठेवण्याआधी वहिनींच्या यजमानांना, मुकुंदरावांना, विचारायचा. ते सगळ्यांत जुने. प्रशांत मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही फक्त एक शब्द टाका त्यायच्या कानात." मी म्हणालो, "इंशाल्ला." तो हसला. "इंशाल्ला नका म्हणू भाऊ. इथं इंशाल्ला म्हंजे मफी, म्हंजे नाईच. सरळ हो म्हणा."

मी हो म्हणालो. आणि बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू. मुकुंदराव लिफ्टमध्ये भेटले की हवेबद्दल बोलायचो. शब्द टाकायचा म्हणजे पुढचा प्रश्न येणार — तुमची ओळख कशी? तुमच्या गावचा का? मग तुम्ही —? त्या प्रश्नाच्या आधीच त्यांचा मजला यायचा.

वहिनींकडे माघी गणपती असतो. त्या शुक्रवारी सकाळी त्या टोपली घेऊन दारात आल्या. नैवेद्याच्या कोशिंबिरीला दर वर्षी माझेच टोमॅटो. मी दार उघडलं. प्रशांत बाल्कनीत होता, बादल्या भरत होता. बाल्कनीचं दार उघडं होतं. पाइपमध्ये पाणी पडल्याचा गुळगुळ आवाज मला ऐकू येत होता. वहिनींना तो घरात आहे हे ठाऊक नव्हतं. मला होतं. हे मला नीट सांगायचं आहे — मला ठाऊक होतं.

मी सकाळीच तोडून ठेवलेले टोमॅटो टोपलीत भरायला लागलो. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? तो तुमचा सित्र्याचा मित्र खालचा फ्लॅट घेतोय म्हणे. एजंटने ह्यांना विचारलंय."

मी म्हणालो, "असं का?" जणू मला नवीनच.

"माणूस चांगला असेल हो. मी काही तसलं मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण आपलं हळदीकुंकू असतं, गणपती असतो, पोरंटोरं एकमेकांच्या स्वयंपाकघरात असतात... आपल्यातला आहे का तो?"

बाल्कनीतला पाण्याचा आवाज थांबला.

वहिनी हातातला टोमॅटो फिरवून बघत होत्या. मी काहीही म्हणू शकत होतो. मला काय माहीत, म्हणू शकत होतो. त्यालाच विचारा, म्हणू शकत होतो. किंवा म्हणू शकत होतो, वहिनी, तो माझ्यातला आहे.

मी म्हणालो, "नाही. आपल्यातला नाही."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही थांबलो. त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "आणि झाडांचं पाणीबिणी तोच बघतो ना? देवाचं आहे म्हणून विचारते, राग नका मानू."

पाण्याला कुणाचा हात लागला, हा प्रश्न. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता. माझ्या आजीने, आईने तो मान खाली घालून ऐकलेला होता. मी मात्र मान वर केली आणि हसून म्हणालो, "छे हो वहिनी. त्याचा हात कुठे लागतो? पाणी खालून चढतं. झाड आपलं आपण घेतं."

त्या निश्चिंत हसल्या. "तेही खरंच!" टोपली घेतली. "बाराला आरती. उशीर करू नका."

बाल्कनीत पाणी पुन्हा सुरू झालं. मग बादलीच्या भोकातून ते फरशीवर पडायला लागलं. टाकी भरली होती. तो ओततच होता. पाणी बाल्कनीच्या उंबऱ्याशी आलं, मग आत आलं, आणि मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभा. मागे वळलो नाही.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. पँटच्या बाजूला ओले हात पुसले. आत आलेलं पाणी फडक्याने टिपून घेतलं. मी कर म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. मग खिशातून माझ्या घराची किल्ली काढून चपलांच्या कपाटावर ठेवली. म्हणाला, "सगळ्या बादल्या भरल्या आहेत. आता काही दिवस बघावं लागणार नाही. येतो, साहेब."

साहेब. आणि स्वच्छ पुण्याची मराठी. 'भरल्या आहेत'. 'बघावं लागणार नाही'. ती त्याला येत होती हे मला तेव्हा कळलं.

फ्लॅट त्याला मिळाला नाही. एजंटने त्याला सांगितलं, आधीच गेलाय. तो नंतर बरेच महिने रिकामाच होता. पोरगी त्या वर्षी आली नाही. तिची इथली शाळा हुकली. पुढे कधीतरी त्याने रिफाला घर घेतल्याचं ऑफिसात कानावर आलं. वैशाली आली, पोरगीही आली. एकदा सीफच्या मॉलमध्ये समोरासमोर आलो. ट्रॉलीत पोरगी बसलेली, पाय हलवत. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. बरोबर आमचे मुकुंदराव होते. एक शब्द, आपला तो नमस्कार, तेवढा पुरला असता. त्याने मान हलवली, वैशालीला म्हणाला, "आमच्या हेड ऑफिसचे साहेब," आणि ट्रॉली पुढे नेली. मुकुंदरावांनी विचारलं, कोण हो? मी म्हणालो, सित्र्याचा एक जण.

म्हणजे दुसऱ्यांदाही.

तो घाबरत होता म्हणून गप्प राहिला का? मला तसं वाटायचं, कारण मी तसा आहे. तो तसा नाही. त्याने माझं झाकलेलं झाकलेलंच ठेवलं, कारण ते उघडं करायलाही माझ्याशी काहीतरी नातं असावं लागलं असतं.

आणि अजून एक आहे. ते बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून ते सांगणं सगळ्यांत जड जातंय.

त्या शुक्रवारी तो जिना उतरून गेल्यावर मी अंघोळ केली. झब्बा घातला. बाराला खाली गेलो. आरती म्हटली, मोठ्याने, टाळ्या वाजवत. मग पंगत बसली. वहिनी कोशिंबीर वाढत आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे बोरगावकरांच्या घरचे टोमॅटो बरं का. एकदम शुद्ध." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, इतके गोड कसे होतात हो? मी सांगायला लागलो. बादल्या, वाटी, पाइप. सगळं सांगितलं. पाणी कोण भरतं, एवढं सोडून. कोशिंबीर खरंच चांगली झाली होती. वहिनींनी विचारलं, "आणखी वाढू?"

मी ताट पुढे केलं.