कानसचं उत्तर

ओर्टविन क्लोपहाउस रेमशाइडमध्ये करवतीच्या पात्यांना धार लावायचा. एकतीस वर्षं एकच कारखाना, एकच बाक. उंचीनं बेताचा, मान आखूड, बोलायला लागला की भुवया आधी बोलायच्या. बायको सोडून गेली होती, तीही भांडण न करता. कारखान्यातल्या लोकांना विचाराल तर ते सांगतील की क्लोपहाउस हा मुखदुर्बळ माणूस. आम्हाला विचाराल तर आम्ही हसू.

आम्ही म्हणजे इंटरनेटवरच्या एका फोरमवरची माणसं. नव्याण्णव साली ‘साल्त्समार्क’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ निघाला होता. त्यात आपण एक कफल्लक मीठविक्या होऊन मुलुखभर हिंडायचं, माणसं जोडायची, वाटमाऱ्यांशी लढायचं. काढणाऱ्या कंपनीचं दिवाळं दोन वर्षांत वाजलं, पण खेळाचं वेड लागलेले शे-दोनशे लोक एका फोरमवर जमले आणि तिथंच म्हातारे व्हायला लागले. तिथं ओर्टविनचं नाव होतं ‘कानस’. धंद्यातलं अवजार म्हणून त्यानं ते घेतलं असेल, पण ते त्याला शोभायचं. समोरच्याचा मुद्दा तो घासून घासून इतका बारीक करायचा की शेवटी हातात काही उरायचं नाही. बावीस वर्षांत त्याची एकतीस हजार उत्तरं झाली होती. शिवाय तो फोरमचा मॉडरेटर, म्हणजे भांडणं मिटवणारा आणि वेळ आली तर हाकलून देणाराही तोच.

साल्त्समार्कमध्ये लढाई थांबत नाही. अंगावर तिघं धावून आले की डाव्या हातानं पळायचं, उजव्यानं वार करायचा, आणि विचार करायचा तो त्याच गडबडीत. आजकालच्या बऱ्याच खेळांत एक बटण असतं. ते दाबलं की जग थिजतं. आपण निवांत ठरवायचं, मग पुन्हा चालू. कानसला त्या बटणाचा मनस्वी राग. ‘ज्याला थांबायचंय त्यानं विणकाम करावं,’ असं त्यानं एकदा लिहिलं, आणि आमच्यातल्या कुणीतरी ते कॉफीच्या मगांवर छापून आणलं. माझ्याकडे दोन आहेत.

पुढची गोष्ट आम्हाला बरीच उशिरा कळली, पण वाचकाला ताटकळत ठेवण्यात मला मौज वाटत नाही. ओर्टविनचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरनं कंपवात असं नाव सांगितलं. कारखान्यानं त्याला बाकावरून उठवून गोदामात बसवलं, खोकी मोजायला. घरी येऊन त्यानं साल्त्समार्क लावला तर पहिल्याच वाटमाऱ्यांनी त्याला लोळवला. जो खेळ तो बावीस वर्षं डोळे मिटून खेळत होता, त्यात आता त्याला दहा पावलंही जाता येईना. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

त्याच सुमारास कोलोनच्या पाच जणांनी साल्त्समार्क नव्यानं करायला घेतला. भली माणसं. त्यांनी फोरमला विचारलं, ‘थांबायचं बटण ठेवू की नको? तुम्ही ठरवाल ते आम्ही करू.’ महिनाभर मतदान ठेवलं. रविवारी संध्याकाळी सहाला ते संपणार होतं आणि तोवर मत बदलायची मुभा होती. बटण आलं तर ओर्टविन पुन्हा खेळू शकणार होता. नाही आलं तर त्याच्यापुरता साल्त्समार्क संपला होता. इतकं साधं होतं ते.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? सरळ म्हणेल, बाबांनो, माझा हात गेलाय, बटण ठेवा. पण एकतीस हजार उत्तरांखाली दबलेला माणूस शहाणा राहत नाही. त्यानं दुसरं नाव घेतलं, ‘शनिवार’, आणि नवखा बनून आमच्यात आला.

शनिवारनं बटणाच्या बाजूनं जे लिहिलं ते मी दोनदा वाचलं. लढाई बोटांनी जिंकायची की डोक्यानं, असा त्याचा सवाल होता. मीठविक्या काही तलवारबाज नव्हे, मग त्याची अक्कल दाखवायला आपण वेळ का देत नाही? लोक डळमळले. मतं सरकायला लागली. आणि मग अर्थातच हाकाटी सुरू झाली, कानस कुठंय? कानस काय म्हणतो?

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या मुद्द्याला तीन दिवसांत उत्तर येत नाही तो मान्य झाला असं धरतात. ओर्टविननं फक्त गप्प बसायचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कानसचं उत्तर आलं.

चार परिच्छेद. त्यानं शनिवारला असा सोलून काढला की वाचताना त्या बिचाऱ्या नवख्याची कीव आली. टाळ्यांच्या चित्रांनी पान भरून गेलं. मीही एक लावली. बटणाच्या विरोधात एकशे वीस मतं झाली, बाजूनं एकाहत्तर. शनिवार पुन्हा काही बोलला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

इथंच संपलं असतं, पण गिस्बर्टला संशय आला. गिस्बर्ट हागनचा, रेल्वेत सिग्नल सांभाळतो, आणि जगात सगळीकडं कट शिजतोय असं त्याचं ठाम मत आहे. त्यानं रीतसर तक्रार केली की शनिवार हा कुणाचा तरी दुसरा मुखवटा आहे, बहुधा कोलोनवाल्यांचाच. फोरमचा नियम कडक आहे आणि तो कानसनंच लिहिलेला आहे. एका माणसाला एकच नाव. दोन सापडली तर जे खोटं ते कायमचं बंद. चौकशी मॉडरेटरनं करायची आणि महिन्याच्या बैठकीत सांगायचं. म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

बैठक मतदान संपायच्या आदल्या दिवशी होती, लेनेपमधल्या खानावळीत, दुपारी चारला. आम्ही अकरा जण होतो. काळ्या पावावर धुरी दिलेलं सॉसेज आणि वर कच्चा कांदा, हे आमचं ठरलेलं. हेंड्रिके, जी वाचनालयात काम करते आणि फोरमची यंत्रणा चालवते, तिनं लॅपटॉप आणला होता.

“हं, बोल बाबा,” गिस्बर्ट म्हणाला. “कोण निघाला तो? कोलोनचा ना? मी म्हटलंच होतं.”

“कोलोनचा नाही,” ओर्टविन म्हणाला. “रेमशाइडचा.”

“रेमशाइडला तुझ्याशिवाय आहे कोण आपलं?”

ओर्टविननं टेबलाखालून उजवा हात काढला आणि पावाच्या ताटलीशेजारी ठेवला. तो हात आपल्याच नादात हलत होता. ताटलीवरचा चमचा किणकिणायला लागला. मला वाटतं, गिस्बर्टला सगळ्यात आधी कळलं.

“अरे गाढवा,” तो हळूच म्हणाला. “मग उत्तर कशाला दिलंस?”

“तीन दिवस होत आले होते.”

“झक मारू दे ते तीन दिवस! गप्प बसता आलं नाही?”

“मुद्दा कच्चा होता रे त्याचा. तसा सोडवेना.”

यावर हेंड्रिके हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. “मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही,” ती म्हणाली. “शनिवार आपोआप गेला असं लिहून टाकू. विषय संपला.”

“नियम आहे,” ओर्टविन म्हणाला. “खोटं ते बंद.”

“बरं, मग करते शनिवारला बंद.”

“शनिवार काय खोटं बोलला? त्याला बटण हवं होतं, त्यानं मागितलं. हात धडधाकट असल्यासारखं रोज कोण लिहीत होतं? लॅपटॉप इकडं सरकव.”

हेंड्रिकेनं दोनदा नाही म्हटलं. मग सरकवला. बंद करायचं बटण केवढंसं, आणि त्याचं बोट त्याच्या आजूबाजूला भिरभिरायला लागलं. गिस्बर्ट म्हणाला, “दे, मी दाबतो.” ओर्टविननं मान हलवली, डाव्या हातानं उजवं मनगट टेबलाला दाबून धरलं आणि बोट टेकवलं. कानसच्या नावापुढं करडा ठिपका आला. बावीस वर्षं मुरलेला माणूस फोरमवरून गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचं विरोधातलं मतही. नव्या नावाला तीन महिने मत नसतं, त्यामुळे शनिवारकडे काहीच नव्हतं. मग खानावळवालीनं गरम चेरी घातलेले वॉफल आणले आणि आम्ही ते खाल्ले.

बातमी रात्रीतून सगळीकडं गेली. रविवारी दिवसभर मतं बदलत होती. आदल्या आठवड्यात टाळ्या पिटणारे आता बटणाच्या बाजूनं येत होते. गिस्बर्टनं सकाळीच बदललं आणि तसं जाहीरही केलं. दुपारी मी पान उघडलं. कानसचं उत्तर अजून तिथंच होतं. ते मी पुन्हा वाचलं, सावकाश, त्यातली एखादी फट सापडते का ते बघत. सापडली नाही. बटणानं खेळ बिघडेल असं मला त्या दिवशीही वाटत होतं, आणि आजही वाटतं. ओर्टविन माझा मित्र होता. मी मत तसंच ठेवलं.

सहा वाजता मोजणी झाली. विरोधात सत्त्याण्णव, बाजूनं त्र्याण्णव. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण त्या संध्याकाळी मला तो काही दिसला नाही.

सोमवारी काम सुटल्यावर मी त्याच्याकडे गेलो. त्यानं कॉफी केली. मला करू दिली नाही. ओट्यावर बरीच सांडली.

“चारानं गेलं,” तो म्हणाला.

“हो.”

“गिस्बर्टनंसुद्धा बदललं म्हणे. त्या येड्यानं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. “तू?”

खोटं बोलावंसं वाटलं, अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. “मी नाही बदललं,” मी म्हणालो. “तुझं उत्तर पटलं होतं मला. वाईट वाटतंय रे, पण पटलं होतं.”

त्यानं ओट्यावरची कॉफी फडक्यानं टिपली. मग भुवया वर गेल्या.

“कुठल्या परिच्छेदानं?”

“तिसऱ्या. तिघं अंगावर आल्यावर ज्याचा हात थरथरत नाही तो लढतच नाही, नुसता हिशेब करतो. तो.”

“हं,” ओर्टविन म्हणाला आणि दोन्ही हातांनी कप धरला. “तो लिहिताना मलाही पटला होता.”