दारावरून जाणारी बोट

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं बोटीने गोव्याला निघालो होतो, एवढं नक्की. पण वाटेत उतरायचं की नाही, उतरलो तर परत चढायचं की नाही आणि कोणी विचारलंच तर कुठे चाललोय म्हणून सांगायचं, यातलं काहीही बोटीचा भोंगा वाजेपर्यंत आमच्या घरात ठरलं नव्हतं. आता लोक क्रूझ म्हणतात आणि सहा-सहा महिने आधी बुकिंग करतात. ऐंशीच्या दशकात आम्ही भांडुपकर त्याला नुसतं बोट म्हणायचो, आणि बोटीने मजा करायला निघालेलं कुटुंब आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये आमचंच पहिलं.

विषय काढला लेकीने. तेव्हा ती अकरावीत होती. तिची कॉलेजातली मैत्रीण गोव्याला बोटीने जाऊन आली होती. "आई, झकास असतं गं! डेकवर सतरंजी टाकायची, रात्रभर गाणी म्हणायची, सकाळी उठलं की पणजी. आणि डेकचं तिकीट आपल्याला परवडतं." धाकटा नववीत. त्याने लगेच "मला कप्तानाच्या खोलीत सोडतील का?" हा एकच प्रश्न धरला आणि आठवडाभर सोडला नाही.

मी लगेच हो म्हटलं. एवढ्या लगेच की लेक चपापली. खरं सांगू, गोव्यात काय आहे याची मला फारशी कल्पनासुद्धा नव्हती. मला फक्त असं गाव हवं होतं जिथे मला कोणी सून म्हणणार नाही. मी घाटावरची, कराडकडची. लग्न होऊन आले ते वेंगुर्ल्याजवळच्या घरात, आणि तेव्हापासून दरवर्षी मे महिना म्हणजे सासरची चूल. शाळेत वर्षभर मुलांपुढे घसा फोडायचा, आणि सुट्टी लागली की ओल्या लाकडांचा धूर आणि मासळीची टोपली. मासे साफ करायला मी लग्नानंतर शिकले, रडत रडत शिकले. सासूबाई मागे उभ्या राहून म्हणायच्या, "घाटावरच्या हाताक चव येवक येळ लागता." पहिल्या वर्षी म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. पुढे सोळा-सतरा वर्षं त्या तेच म्हणत राहिल्या, आणि माझं हसणं कधीतरी बंद झालं.

बाई दुष्ट नव्हत्या. माझ्या आधी उठायच्या, माझ्यानंतर जेवायच्या. पण मी थकले होते. लेक आणखी दोन वर्षांनी आमच्याबरोबर कुठे येणार नव्हती, आणि मुलगा तर आत्ताच रस्त्यात माझ्यापासून अंतर ठेवून चालायचा, कोणी मित्र बघेल म्हणून. एकदा, फक्त एकदा, चौघांनी मिळून कुठेतरी जावं आणि तिथे वाढलेलं ताट माझ्या पुढ्यात यावं, एवढंच मला हवं होतं. जगावेगळं काही मागत नव्हते मी.

नवऱ्याने ऐकलं आणि त्याचा चेहराच पडला. हा मुलुंडच्या कंपनीत फोरमन, शंभर माणसं हाताखाली, पण घरातला निर्णय म्हटला की एक ना धड भाराभर चिंध्या.

"बोटीने माणूस गावी जातो," तो म्हणाला. "मजा करायला कोण जातं बोटीने?"

"आपण जाऊ."

"अगं, बोट पहाटे वेंगुर्ल्याला थांबते, उतारू न्यायला गावच्या होड्या येतात."

"थांबू दे की. आपण बसून राहू. पुढे पणजी."

"बसून राहू? दारावरून जायचं आणि आत जायचं नाही?"

त्यांच्याकडे ही रीतच आहे. गावावरून जाणाऱ्याने गावात पाय ठेवायचा, देवासमोर नारळ ठेवायचा, घरी निदान पाणी तरी प्यायचं. नाही केलं तर कोप होतो. मी विचारलं, "कोप कोणाचा, देवाचा की आईंचा?" तर म्हणाला, "दोघांचा."

मग रोज संध्याकाळी चहाबरोबर नवीन बेत. सोमवारी म्हणे जाताना उतरू, एक दिवस राहू आणि तिथून एस्टीने पणजी. मंगळवारी म्हणे येताना उतरू, म्हणजे देवही खूश आणि तूही. बुधवारी म्हणे गावीच जाऊ, मुलांना एक दिवस गोवा फिरवून आणतो, तू घरी आराम कर. आराम! मी हातातला चमचा असा आपटला की कपाचा टवका उडाला.

"बाबा, काहीतरी एक फायनल करा ना यार," मुलगा म्हणाला.

"बापाला यार म्हणतोस?"

"मग कोणाला म्हणू? आई तर रडायला आलीय."

रडायला नव्हते आले मी, चिडले होते. पण त्यानंतर नवऱ्याने नवा बेत काढला नाही, आणि शनिवारी कामावरून येताना तिकिटं घेऊनच आला. मी हातात घेऊन दोनदा वाचली. पणजीची होती.

"फक्त गावी कोणाला कळता कामा नये," तो म्हणाला. इथून गोंधळाला खरा ऊत आला. तळमजल्यावर आम्ही सांगितलं की कराडला माझ्या माहेरी चाललोय. कंपनीत त्याने सांगितलं शिर्डी. मुलांना बजावलं की काही बोलूच नका, म्हणून त्यांनी मित्रांना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात. तीही वेंगुर्ल्याचीच, आणि तिच्या कानांना भिंतीची अडचण कधी झाली नाही. हातात एक भलं मोठं बोचकं.

"बोटीत बसतास ना? मगे ह्या वेंगुर्ल्याक खाली होडीत सोडा. माझो भाव घेतलो."

"आम्ही तर कराडला चाललोय," मी म्हटलं.

"कराडाक बोट कधीपासून जाता गो?" तिने विचारलं.

कपाळ माझं! बोचकं परत केलं आणि हात जोडून सांगितलं, बाई गं, कोणाला बोलू नकोस. ती म्हणाली, "माका काय पडलाहा?" तेव्हाच समजायला हवं होतं मला.

भाऊच्या धक्क्यावर मात्र मला माझा नवरा ओळखूच येईना. बोटीत शिरायची झुंबड सुरू झाली तशी त्याने सतरंजी काखेत मारली आणि जो सुसाट सुटला! आम्ही सामानासकट वर पोहोचलो तेव्हा वारा लागणार नाही अशा आडोशाला चौघांची जागा आखून त्यावर ऐटीत बसला होता. लहानपणापासून याच बोटीने ये-जा केलेली, कुठे धूर येतो, कुठे पाणी उडतं, सगळं पाठ. पण आजूबाजूला सगळी त्याच्याच मुलखातली माणसं, आणि तिकडच्या माणसाला शेजाऱ्याचं गाव विचारल्याशिवाय डबा उघडता येत नाही.

"खयचे तुमी?" एका म्हाताऱ्याने विचारलंच.

"आम्ही पुण्याचे," नवरा म्हणाला. त्या उच्चारात पुणं कुठेही नव्हतं. लेकीने तोंडात ओढणी कोंबली. म्हाताऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवून विडी पेटवली.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. किनारा डाव्या हाताला, उन्हात पिवळा पडलेला. मुलगा सतरा वेळा इंजिनापाशी जाऊन आला. लेक कठड्याला टेकून माझ्या शेजारी उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बोटीच्या कँटीनमधला बटाटावडा मी खाल्ला, गार होता, तेलकट होता, पण दुसऱ्या कोणीतरी तळला होता. मजा येत होती, पण आपण बरोबर करतोय की चूक, तेच कळेना. नवरा एकदा म्हणाला, "बघ, आता नाही वळता येणार," आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "तरी होडी येते म्हणा."

झुंजुमुंजू झालं आणि इंजिनाचा आवाज मंदावला. नवऱ्याने आम्हाला गदागदा हलवलं.

"उठा, उठा! आणि झोपा!"

"काय?" मुलगा डोळे चोळत म्हणाला.

"वेंगुर्ला आलं. तोंडावरून चादर घ्या. होडीवाले सगळे ओळखीचे आहेत."

बंदरात बोट लांब उभी राहायची आणि होड्या येऊन उतारू न्यायच्या, नवे आणायच्या. आम्ही चौघं चादरीखाली आडवे. बाहेर वल्ह्यांचे आवाज, हाका, ट्रंकांची आदळआपट. मुलगा हसू दाबून दाबून थरथरत होता. नवरा माझ्या कानाशी कुजबुजला, "हा आमच्या वाडीतला. आवाजावरून सांगतो." मग म्हणाला, "आये उठली असेल आता. चूल पेटवली असेल." त्याचा आवाज असा झाला की मला गलबलून आलं. स्वतःच्या गावापुढे तोंड झाकून पडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग उतरायचं का?" आणि तेवढं बोलून मी माझ्याच जिभेवर चरफडले.

तेवढ्यात पायाकडून कोणीतरी चादर ओढली.

"उठ रे. पाय वळाखतंय मी तुजे."

सासूबाई! लुगडं वर खोचलेलं, काठ ओले, काखेत गाठोडं. नवरा ताडकन उठून बसला. मी डोक्यावर पदर घेतला आणि काही न विचारता सतरंजी गुंडाळायला लागले. हात आपोआप चालले. संपलं सगळं. चूल, धूर, टोपली. लेक म्हणाली, "आई, नको ना गं," तर मी तिच्यावरच खेकसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. एवढंसं मागितलं होतं, तेही माझ्या हातात राहिलं नाही.

"ता कित्याक गुंडाळतंस?" सासूबाईंनी विचारलं.

"उतरायचं ना, आई."

"खय उतरतंस?" त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि आतलं तिकीट माझ्यापुढे धरलं. "वाच. पणजीचाच दिल्यान मां?"

मी वाचलं. पणजीचंच होतं. मला काही कळेना, मी पुन्हा वाचलं.

"आये, तुका सांगल्यान कोणी?" नवऱ्याने विचारलं.

"तुज्या शेजारणीन भावाक सांगल्यान, भावान अख्ख्या वाडीक. देवाक तुज्या नावान नारळ ठेवन इलंय, तू कसली काळजी करू नको." मग त्या माझ्याकडे वळल्या. "लगीन होवन इलंय तेवापासून ह्या बंदरार उबी रवतंय. घोवाक पोचवलंय, दिराक पोचवलंय, ह्या झिलाक पोचवलंय." त्यांनी नवऱ्याकडे हात केला. "माका कोणी कधी इचारूक नाय, तू येतंस काय म्हणान. माका पण गोवा बघूचा आसा. सरक."

मी सरकले. त्यांनी गाठोडं उशाला घेतलं आणि सतरंजीच्या मधोमध आडव्या झाल्या.

मला आनंदबिनंद झाला नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला तो हा, की आता चार दिवस यांच्या वेळा सांभाळा, यांना काय चालतं काय नाही ते बघा. चुलीपासून पळाले आणि चूलच बोटीत चढून आली. बोट हलली. सासूबाई उठून कठड्याशी गेल्या आणि मागे पडत जाणाऱ्या बंदराकडे बघत उभ्या राहिल्या. नातू शेजारी जाऊन त्यांना इंजिनाबद्दल सांगत होता. त्या एकदाच म्हणाल्या, "हयसून घर दिसता, बघ. एवढासा." बराच वेळ त्यांनी तिकडून मान वळवली नाही.

पणजीला उतरून आम्ही एक साधी खोली घेतली आणि दुपारी खानावळीत गेलो. ताटं आली. पहिलं माझ्या पुढ्यात, दुसरं सासूबाईंच्या. गरम भात, माशाची आमटी, सोलकढी. सासूबाईंनी आमटी चाखली, नाक मुरडलं आणि तरी भात तीनदा मागून घेतला. मुलं हसत होती. नवरा पहिल्यांदाच निवांत दिसत होता.

जेवण झालं आणि आम्ही दोघी एकदम उठलो. त्यांच्या हातात नातवाचं ताट, माझ्या हातात त्यांचं. दोघीही आत कुठे जायचं म्हणून मोरी शोधत होतो. वाढणारा माणूस धावत आला. "अहो बाई, ठेवा, ठेवा! आम्ही उचलतो." त्याने आमच्या हातांतली ताटं काढून घेतली आणि आम्ही दोघी रिकाम्या हातांनी तशाच उभ्या राहिलो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत काय करायचं ते त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं.

"आता बसायचा?" त्यांनी मला विचारलं.

"बसायचं, आई," मी म्हटलं.

आम्ही बसलो. हातांचं काय करावं ते दोघींनाही सुचेना. त्यांनी त्यांचे मांडीवर ठेवले, मग मीही ठेवले, आणि ती ताटं आत जाताना आम्ही दोघी बघत राहिलो.